तात्यांना आग्रह करू नये

आमच्या घरातले बाकी सगळे काही ना काही करतात. कुणी कमावतं, कुणी शिकतं, कुणी निदान डिशवॉशर तरी रिकामा करतं. एक जीव मात्र दिवसभर मातीत कमरेपर्यंत रुतून बसतो, समोरच्या भिंतीकडे नाराजीने बघतो आणि आठवड्यातून एकदा जेवतो. त्याचं नाव तात्या.

नाव आईने ठेवलं. ती आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा बॅगा उघडायच्या आधीच तिला ती काचेची पेटी दिसली. चष्मा पुसून तिने आत पाहिलं आणि म्हणाली, "अगबाई, हे तर आपले वाईचे तात्या!" वाईचे तात्या म्हणजे आईचे चुलते. रुंद जिवणी, मान जवळजवळ नाहीच, पोट मांडीवर, आणि जेवण झाल्यावर कुणाशी एक शब्द नाही. लेकीने या प्राण्याचं नाव आधी 'नाचो' ठेवलं होतं. पण आजीने फोनमधला जुना फोटो काढून दाखवल्यावर तिचाही नाइलाज झाला. साम्यच तसं होतं.

तर तात्या म्हणजे शिंगवाला बेडूक. शास्त्रातलं नाव सेराटोफ्रिस क्रॅनवेली, बाजारातलं नाव पॅकमॅन फ्रॉग. १९८० साली नामको या जपानी कंपनीने पॅकमॅन नावाचा खेळ काढला. त्यात एक पिवळा गोळा तोंड वासून समोर येईल ते गिळत सुटतो, त्यावरून हे नाव. गंमत म्हणजे तात्यांच्या जातीला शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून मान्यता दिली तीही १९८० मध्येच. शिंगं म्हणतात ती खरी शिंगं नव्हेत, डोळ्यांवर उभी राहिलेली कातडीची टोकं. बाकी शरीररचना सोपी आहे. निम्मं अंग तोंड, उरलेलं पोट, आणि चार पाय केवळ रीत म्हणून.

लेकीने हा प्राणी मागितला तेव्हा ती सहावीत होती. "बाबा, याला फिरायला न्यावं लागत नाही, हा भुंकत नाही, याचे केस गळत नाहीत," अशी तिची वकिली. सगळं खरं होतं. फक्त एक कलम तिने बारीक अक्षरांत ठेवलं होतं: नीट सांभाळला तर हा बेडूक दहा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणजे लेक कॉलेजला जाणार, नोकरीला लागणार, कदाचित लग्न करणार, आणि तोवर हॉलच्या कोपऱ्यातून तात्या आमच्याकडे नाराजीने बघत राहणार. गाडीचं कर्ज यापेक्षा लवकर फिटतं.

पण 'नीट सांभाळला तर' या तीन शब्दांतच सगळी मेख आहे. कुत्र्याचं प्रेम कुत्र्याला कळतं. या बेडकावर प्रेम केलं की तो मरतो. कवटाळून मरतो, भरवून मरतो, उबेत ठेवून मरतो. त्याला दीर्घायुषी करायचं तर माणसाने हात आवरायला शिकावं लागतं. आणि आमच्या घरात आई आली होती, जिच्या पंगतीतून कधी कुणी तिसरी पोळी न घेता उठलेलं नाही.

पहिला खटका जेवणावरूनच उडाला. लहान वयात या बेडकाला दिवसाआड खायला लागतं. पूर्ण वाढ झाली की सात ते दहा दिवसांतून एकदा. हे ऐकून आईने कानांवर हात ठेवले. "आठवडाभर उपाशी? मुकं जनावर आहे म्हणून?" बायकोने समजावलं, "अहो आई, तो दिवसभर हलतच नाही. खाल्लेलं जिरणार कुठे?" त्यावर आईने एक क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावर होतो. तिने काही बोलण्याची गरज नव्हती.

तात्यांचं जेवण ही मात्र बघण्यासारखी गोष्ट आहे. लांब चिमट्यात जाडजूड गांडूळ धरायचं आणि त्यांच्या नाकासमोर हलवायचं. आधी काहीच घडत नाही. मग मागच्या पायाचं एक लांब बोट हळूच वर येतं आणि वळवळू लागतं. बाकी अंग दगड. हे बोट म्हणजे गळाचं आमिष. रानात एखादा छोटा बेडूक किंवा सरडा ते अळी समजून जवळ येतो, आणि तिथेच त्याची गोष्ट संपते. इथे गांडूळ आयतं समोर लोंबत असलं तरी तात्या बोट हलवल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. मग एकदम थप्प! गांडूळ अर्धं आत, अर्धं बाहेर. पुढचे दोन्ही हात तोंडाशी येतात आणि उरलेलं आत कोंबतात. आणि मग डोळे आत जातात. खरोखर आत. बेडकांना घास खाली ढकलायला डोळ्यांची मदत लागते. डोळ्यांचे गोळे खोबणीतून खाली उतरतात आणि टाळ्यावरून घशातला घास रेटतात. चेहऱ्यावर तेव्हा जो भाव येतो, तो मी फक्त पुरणपोळीच्या पंगतीत बघितला आहे.

तात्या उचललेली जीभ टाळ्याला लावत नाहीत, थेट भक्ष्याला लावतात. जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये या बेडकांच्या जिभेची चिकटण्याची ताकद मोजली. जीभ बेडकाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार ओढू शकते असं निघालं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने तात्यांच्याच जातीचा चावा मोजला. साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याचा बेडूक तीस न्यूटनने चावतो, म्हणजे बोटावर तीन किलोंचं वजन ठेवल्यासारखं. खालच्या जबड्यात पुढे दातांसारखे दोन हाडाचे सुळे असतात ते वेगळेच. म्हणून चिमटा लांब हवा. हात आणि अन्न यांत तात्या भेदभाव करत नाहीत.

गांडुळं राहतात फ्रीजमध्ये. त्यांच्या डब्यावरून आमच्याकडे जे रामायण झालं ते इथे सांगत नाही. डबा कोथिंबिरीच्या शेजारी होता एवढंच सांगतो.

पण गांडुळं झपाट्याने संपू लागली, तेव्हा बायकोला शंका आली. ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. संशय हा तिच्या नोकरीचा भाग आहे. तिने तात्यांना भाजीच्या काट्यावर ठेवलं. वजन भलतंच वाढलं होतं. वरून पाहिलं तर अंग डोक्याच्या कितीतरी बाहेर फुगलेलं. या बेडकाचं अंग डोक्यापेक्षा फार रुंद झालं तर समजावं की कुणीतरी लाड करतंय. घरात संशयित एकच होती. आईने कबूल केलं, पण माफी मागितली नाही. "मागत होता रे तो! सारखा तोंडाकडे बघतो." हे खरं आहे. तात्या सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतात. समोर हलणारी प्रत्येक वस्तू त्यांना जेवण वाटते, आणि पोट भरल्याची सूचना मेंदूपर्यंत पोचवायची सोय निसर्गाने त्यांना फारशी दिलेली नाही. यांच्या मूळ मुलखात, दक्षिण अमेरिकेतल्या चाकोच्या माळावर, भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो. मिळेल तेव्हा गिळून ठेवा, ही तिथली रीत. ती इथे फ्रीजशेजारी चालवली की घात होतो.

व्हेटकडे नेलं. त्याने तात्यांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. या बेडकांना चरबीचं खाणं जास्त झालं, विशेषतः दुकानात मिळणारी उंदरांची गुलाबी पिल्लं वरचेवर दिली, तर डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यावर कोलेस्टेरॉलचे पांढरे थर जमतात आणि हळूहळू दिसेनासं होतं. तात्यांचे डोळे सुदैवाने स्वच्छ होते. ज्या दुकानातून आम्ही त्यांना आणलं, तिथल्या छापील कागदावर मात्र 'उंदीर आवडीने खातो' असं ठळक लिहिलं होतं. आवडीने मीही पुष्कळ खातो. त्याच आठवड्यात माझा लिपिड प्रोफाइल आला होता. बायकोने फ्रीजच्या दारावर एकच तक्ता लावला. डावीकडे तात्या, उजवीकडे मी. दोघांनाही तीन आठवडे काही जास्तीचं नाही, मग बेताने. तात्यांनी ते निमूटपणे पाळलं.

बेताने म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो. घास दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढाच. मुख्य आहार गांडुळं, अधूनमधून झुरळं. घरातली नव्हेत, त्यांच्यासाठी मुद्दाम पाळलेली मिळतात. (हे वाक्य आईला फोनवर सांगू नका.) त्यावर कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरायची. नाहीतर हाडं मऊ होतात आणि जबडा वाकतो. ही एक गोष्ट आईला पटली. तिची स्वतःची कॅल्शियमची गोळी नाश्त्यानंतर असते. "बघ, त्यालाही देतात," असं ती त्यानंतर रोज गोळी घेताना म्हणायची.

याच भेटीत व्हेटने आणखी एक बातमी दिली: तात्या बाई आहेत. नराचा गळा काळसर असतो, अंगठ्यांवर गडद गादी येते, तो लहान असतो आणि ओरडतो. आमच्या तात्यांत यातलं काहीच नव्हतं. घरी आल्यावर आई पाच मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "मंगळवार आहे. हळदकुंकू तरी लावते." लेक दोन्ही हात पसरून पेटीसमोर उभी राहिली. कारण बेडकाची कातडी म्हणजे चामडं नव्हे, ती गाळणी आहे. हाताचं तेल, साबण, क्रीम, हळद, जे लागेल ते सरळ आत जातं. म्हणून तात्यांना उगाच हातात घ्यायचं नाही, आणि घ्यावंच लागलं तर हात नुसत्या पाण्याने धुऊन ओले ठेवायचे. ओटी भरण्याचा प्रस्तावही त्याच मुद्द्यावर फेटाळला गेला. नाव मात्र बदललं नाही. "तात्या जेवल्या का?" हे वाक्य आता आमच्या घरात कुणालाच खटकत नाही.

बाई आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "मग एकटी कशाला ठेवायची? एखादं स्थळ बघा." हे बेडूक एका पेटीत दोन ठेवत नाहीत. मोठा लहानाला खातो, आणि इथे वधू मोठी असते. यांची पिल्लंही पाण्यात असल्यापासून मांसाहारी, भावंडांनाही सोडत नाहीत. आपल्याकडे पाऊस लांबला की बेडकांची लग्नं लावतात. तात्यांच्या बाबतीत ते लग्न पंगतीपर्यंत थेट पोचलं असतं, हे लेकीने आजीला शांतपणे समजावलं. आईने विषय पुन्हा काढला नाही.

आता पाणी. तात्या तोंडाने पाणी पीत नाहीत, पाण्यात बसून पितात. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून पाणी आत घेतात. म्हणून बशी उथळ हवी, हनुवटीच्या वर पाणी नको. बेडूक असून त्यांना पोहणं जेमतेमच येतं आणि खोल पाण्यात त्या बुडू शकतात. अमेरिकेत पुष्कळ गावांत पाण्यात नुसतं क्लोरीन नसतं, क्लोरामाइन असतं. क्लोरीन रात्रभर भांडं उघडं ठेवलं की उडून जातं, क्लोरामाइन इतक्या सहज जात नाही. त्यासाठी थेंब मिळतात ते घालायचे. आणि पाणी रोज बदलायचं, कारण तात्या ज्या बशीत पितात, त्याच बशीत बाकीचेही विधी उरकतात. आईने हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी तिने दुपारचा चहासुद्धा घेतला नाही.

मातीचंही तेच. पेटीत काथ्याचा ओलसर भुसा असतो, कोकोपीट. नारळ कोकणचा की केरळचा कोण जाणे, पण तात्या बसतात ते आपल्याच काथ्यावर, असं आईने ठरवून टाकलं होतं. हा भुसा वेळेवर बदलला नाही तर त्यात मुरलेल्या मूत्राचा अमोनिया होतो, आणि तो कातडीतून पुन्हा तात्यांच्याच अंगात शिरतो. एरवी दगडासारखा बसलेला बेडूक अचानक काचेवर चढायला बघू लागला, पाय ताणून आचके देऊ लागला, तर तो आनंदाने नाचत नाही, त्याला विष चढलेलं असतं. लगेच स्वच्छ, उथळ पाण्यात हलवायचं आणि ते पाणी पुन्हा पुन्हा बदलत राहायचं. एरवी घाण दिसेल तेव्हा उचलायची आणि काही आठवड्यांनी सगळा भुसा नवा घालायचा. फिनेलने पुसलेली पेटी ही गलिच्छ पेटीपेक्षा वाईट. खडी, गोटेही घालायचे नाहीत, घासाबरोबर पोटात जातात आणि आतडी तुंबतात.

तापमानाबाबत मात्र आई आणि तात्या यांची युती होती. दोघींनाही सव्वीस अंश लागतात. जानेवारीत घराचा थर्मोस्टॅट कुणी वाढवला, या चौकशीत आई नेहमी तात्यांचं नाव पुढे करायची. तिशीच्या वर गेलं तर मात्र तात्यांचं काही खरं नाही. आणि गरम करणारी चटई पेटीच्या तळाशी लावायची नाही, बाजूच्या काचेला लावायची. याचं कारण मला फार आवडतं. चाकोत ऊन वाढलं की बेडूक गारव्यासाठी खाली उकरत जातो. हजारो पिढ्यांचं शहाणपण: खाली गार. तळाशीच चटई लावली तर तो गारव्याच्या शोधात खाली खाली जातो आणि भाजतो. स्वतःच्या शहाणपणाने मरण्याची वेळ बेडकावर तरी येऊ नये.

चाको म्हणजे आर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया यांच्यातला प्रचंड, कोरडा माळ. पावसाचे थोडे महिने सोडले तर तिथे हे बेडूक जमिनीत गाडून घेतात. कातीचे थरावर थर साठवून अंगाभोवती कवच करतात आणि ओलावा धरून पडून राहतात. आपले साधू चातुर्मासात एका जागी बसतात. तात्यांची मंडळी चातुर्मासात खातात आणि उरलेलं वर्ष बसतात. एरवी नेहमीची कात मात्र त्या वाया जाऊ देत नाहीत. एका सकाळी आईने हाक मारली, "अरे, धाव, फिट आली हिला!" तात्या अंग फुगवत होत्या, जांभया दिल्यासारखं तोंड उघडत होत्या, आणि पायांनी पाठीवरची पातळ कातडी ओढून तोंडात घेत होत्या. थोड्या वेळात सगळी कात पोटात गेली आणि खालून नवीन रंग लखलखीत निघाला. आई बराच वेळ बघत राहिली. "कपडे धुवायचाच प्रश्न नाही," ती म्हणाली.

रंगाचं सांगायचं राहिलं. रानातले हे बेडूक हिरव्या-तपकिरी नक्षीचे, पाचोळ्यात दिसू नयेत असे. पाळीव बेडकांच्या बाजारात मात्र पैदास करून करून एकेक रंग काढलेत: लिंबू, स्ट्रॉबेरी, सामुराई ब्लू. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात चिंतामणी आणि मोरपंखी यांत जेवढा फरक, तेवढाच किमतीत. तात्या अल्बिनो आहेत, पिवळ्यावर केशरी. रंगाने आयुष्य वाढत नाही. अल्बिनोच्या डोळ्यांना प्रखर दिवा सोसत नाही एवढंच काय ते. विकत घेताना रंग बघणारे पुष्कळ असतात. मांड्या भरलेल्या आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, बेडूक रानातून धरून आणलेला नाही ना, हे विचारणारा क्वचित. माझं मत विचाराल तर रंगाचा नंबर शेवटचा.

आईला घराण्याशिवाय कुणाची ओळख पुरी वाटत नाही, म्हणून लेकीने तेही काढलं. डार्विनने बीगल जहाजातून नेलेल्या नमुन्यांत तात्यांच्या चुलत घराण्यातला एक होता. टॉमस बेल या प्राणिशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये त्याचं बारसं केलं. आर्जेंटिनात या बेडकाला एस्क्वेर्सो म्हणतात. तो चावला तर घोडा मरतो, असं तिथले गुराखी मानत. विष अजिबात नाही, पण दरारा केवढा! लेओपोल्दो लुगोनेस या लेखकाच्या १९०६ मधल्या संग्रहात 'एस्क्वेर्सो' नावाची भयकथाच आहे. मारलेला बेडूक जाळला नाही तर तो सूड घ्यायला परत येतो, या समजुतीवर बेतलेली. आणि मादागास्करमध्ये, सहा-सात कोटी वर्षांपूर्वी, आपलं दख्खन लाव्ह्याने भरत होतं त्या सुमाराला, बीलझेबुफो नावाचा एक भलामोठा बेडूक होता. २००८ मध्ये त्याची जाहीर ओळख झाली. तो या घराण्यातलाच की नाही, यावर शास्त्रज्ञांची भाऊबंदकी चालू आहे. डायनोसॉरची पिल्लंही तो खात असावा असं काहींचं म्हणणं. सगळं ऐकून आई म्हणाली, "खाण्याचं घराणं आहे. मग मी एखादं गांडूळ जास्त दिलं तर काय चुकलं?"

आई परत साताऱ्याला गेली. लेक आता कॉलेजात गेली. तात्या इथेच आहेत, वजन ताब्यात आहे, डोळे स्वच्छ आहेत. माझ्या एलडीएलबद्दल कुणी विचारू नये.

येत्या डिसेंबरात आम्ही तिघं तीन आठवडे देशात जाणार आहोत. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने तात्यांकडे बघावं, अशी विनंती आहे. काम फार नाही. रोज बशीतलं पाणी बदलायचं, थेंब न विसरता. भुसा ओलसर ठेवायचा, चिखल नको. सव्वीस अंश. दहा दिवसांतून एकदा एक गांडूळ, लांब चिमट्याने. त्या तुमच्या तोंडाकडे बघतील, बघू द्या. गप्पा मारायच्या असतील तर काचेच्या बाहेरून माराव्यात. ज्यांच्या घरी पाहुण्याला तिसरी पोळी घेतल्याशिवाय उठू देत नाहीत, त्यांनी कृपया फोन करू नये.